छातीवरचा नंबर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर धावावं जरूर, पण स्पर्धेच्या वाटेला जाऊ नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. स्वतःच्या ऑपरेशनच्याही आधीपासूनचं. साताऱ्यात पावसाळा सुरू झाला की हिल मॅरेथॉनची हवा तयार होते आणि दर वर्षी आमच्या धावण्याच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी गुडघा धरून बसतं. अशा माणसाला मी सांगायचे, "तब्येतीसाठी धाव, आनंदासाठी धाव. नंबर लावून धावायची आता काय गरज?" हे बोलताना मला अगदी समंजसपणाचं वाटायचं, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटायचं, कारण त्यात कुणाला दुखावण्यासारखं काहीच नव्हतं.

मग माझाच गुडघा गेला, आणि तोही धावताना नव्हे. खालच्या फडताळातला डबा काढून उकिडवी बसलेली मी वळत उठले आणि उजवा पाय सरळच होईना. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली होती आणि फाटलेला तुकडा सांध्यात अडकला होता. प्रत्येक गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या अशा दोन गाद्या असतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतोच. त्यामुळे फाटलं कुठं आहे यावर सगळं ठरतं. आतल्या भागाला टाके घातले तरी भरून येण्याची आशा कमी, म्हणून तो तुकडा बहुतेकदा कापून काढतात. कडेला फाटलं असेल तर शिवता येतं. माझं कडेला होतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि टाके पडले.

कापलेल्या गादीपेक्षा शिवलेल्या गादीची पथ्यं फार कडक असतात. कित्येक आठवडे कुबड्या, गुडघ्याला पट्टा, काटकोनापलीकडे वाकवायचा नाही. मांडी घालून बसणं बंद, उकिडवं बसणं तर त्याहून जास्त काळ बंद. गणपतीत सगळे पाटावर जेवायला बसले आणि मी एकटी खुर्चीवर. सासूबाई म्हणाल्या, "पळून पळून काय मिळवलंस ते बघ." फडताळाचं खरं कारण त्यांना ठाऊक होतं, तरीही दोष धावण्यालाच गेला. मीही वाद घातला नाही. माझ्या मताला त्या बोलण्याचा आधारच मिळत होता.

त्या मताला आकड्यांचा आधारही होता. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेला एक आढावा प्रसिद्ध झाला. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्क्यांना, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्क्यांना आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्क्यांना आढळली. मी हे आकडे तोंडपाठ करून ठेवले होते. हौसेनं धावणारा सगळ्यात सुखी, स्पर्धेत उतरणारा बसून राहणाऱ्यापेक्षाही वाईट! माझ्या मतावर शिक्कामोर्तबच झालं. तिथं 'स्पर्धात्मक' म्हणजे व्यावसायिक आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचे धावपटू अभिप्रेत होते, वर्षातून दोनदा छातीवर नंबर लावणारी प्राध्यापिका नव्हे, हे मी वाचलं होतं. पण त्यावर थांबून विचार करावा असं मला वाटलं नव्हतं.

ऑपरेशननंतर मांडीचं काय होतं, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून पटत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची, हा पहिला व्यायाम. डाव्या पायाला सांगितलं की लगेच वाटीच्या वरचा स्नायू टणक होऊन वर येतो. उजव्या पायाला सांगितलं आणि काहीच झालं नाही. दुखत नव्हतं, नुसती हालचालच नव्हती. मी त्या स्नायूकडे टक लावून बघत बसले, दात-ओठ आवळले, पण तो मऊच. सांध्यात सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच कमी करतो, असं फिजिओनं समजावलं. तिनं टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी डोळ्यांनाही दिसण्याइतकी बारीक झाली होती.

पुढं यथावकाश कुबड्या गेल्या, चालणं आलं, मग थोडं चाल-थोडं धाव सुरू झालं. ठरल्याप्रमाणे मी आनंदासाठी धावू लागले. घड्याळ घरी ठेवून, पहाटे कासच्या रस्त्यानं, दम लागला की थांबून, ढगांकडे बघत. खरंच छान दिवस होते ते. गुडघा दुखत नव्हता. जिना चढता-उतरता येत होता, कॉलेजात उभं राहून तास घेता येत होते. आणि मी फिजिओनं दिलेले व्यायाम हळूहळू सोडून दिले. सोडले म्हणजे एके दिवशी ठरवून नाही. आज पाहुणे, उद्या परीक्षेचे पेपर, परवा कंटाळा.

बऱ्याच महिन्यांनी पुन्हा फिजिओकडे तपासून घ्यायला गेले. तिनं मला एका पायावर उडी मारायला लावली, आधी डाव्या, मग उजव्या. जमिनीवर खुणा केल्या. मग पायरीवर उभं करून एक पाय सावकाश खाली सोडायला सांगितला, समोर आरसा. डाव्या पायावर मी सरळ खाली आले. उजव्यावर आले तेव्हा गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याकडे कलला, कंबर एका बाजूला झुकली आणि शेवटची दोन बोटं मी सोडूनच दिल्यासारखी खाली आदळले. आरशात ते इतकं स्वच्छ दिसत होतं की बोलायला काही उरलं नाही. इतके महिने मी आनंदानं धावत होते ते जवळजवळ सगळं डाव्या पायाच्या जिवावर. उजवा नुसता सोबत येत होता.

तिनं विचारलं, "मॅडम, एखाद्या शर्यतीत नाव घालायचा विचार आहे का?"

मी म्हटलं, "नाही, मी आता स्पर्धा करत नाही."

"मग तुम्ही हे व्यायाम करणार नाही," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. "रोजच्या कामाला एवढा पाय पुरतो. पुरतोय म्हटल्यावर कोण करतं?"

माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिच्या त्या वाक्यानं माझं मत त्या क्षणी बदललं नाही, मला उलट रागच आला. पण घरी येईपर्यंत राग तिच्यावरचा राहिला नव्हता. हौसेनं धावणं म्हणजे गुडघ्याची काळजी आणि स्पर्धा म्हणजे त्याच्यावर अत्याचार, हे माझं गणित. प्रत्यक्षात माझ्या हौसेनंच दुबळ्या पायाला दुबळं राहू दिलं होतं. घड्याळ नव्हतं, अंतराचा हिशेब नव्हता, चढ नको वाटला की वळता येत होतं, उतार आला की चालता येत होतं. कुठंही, कुणीही मला पाय दाखव म्हणत नव्हतं.

मी हिल मॅरेथॉनला नाव घातलं. जाणूनबुजून तीच निवडली. त्या शर्यतीत आधी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि मग तोच घाट उतरून गावात यायचं. लोकांना धास्ती चढाची. पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याची परीक्षा उतारावर असते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना मात्र ताणला जात असतानाच त्याला शरीराचं वजन धरून ठेवावं लागतं. तो दुबळा असला की तेवढा धक्का जातो सांध्यात, म्हणजे वाटीवर आणि गादीवर. पायरीवरून मी जशी आदळत होते, तशीच घाटात प्रत्येक पावलाला आदळणार होते.

मग व्यायाम चुकले नाहीत. पाहुणे आले तरी नाही. स्वयंपाकघराच्या पायरीवर उभं राहायचं, आतून कपाटाचा आरसा दिसेल असं. डावा पाय खाली सोडायचा आणि उजवा गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे ना ते बघत राहायचं. आठवड्यातून दोन दिवस जिममध्ये वजनं. तारीख समोर असली की आजचा व्यायाम उद्यावर ढकलता येत नाही, कारण त्या दिवशी घाट काही आपल्यासाठी लहान होणार नसतो. उडीची चाचणी दोन्ही पायांत थोडाच फरक दाखवू लागली तेव्हाच फिजिओनं मला उताराची परवानगी दिली, आणि तीही छोटी पावलं, जलद पावलं, टाच पुढे फेकायची नाही या अटीवर.

याच दिवसांत मी जोन बेनॉइटची गोष्ट नव्यानं वाचली. धावणाऱ्यांमध्ये ती सगळ्यांना माहीत असते. १९८४ साली ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच स्त्रियांची मॅरेथॉन होणार होती. अमेरिकेची निवड-शर्यत १२ मेला, आणि २५ एप्रिलला तिच्या उजव्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मध्ये १७ दिवस. तिनं निवड-शर्यत जिंकली आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं, ग्रेटे वाइट्झसारखी धावपटू मागे ठेवून. पूर्वी मला हे सतरा दिवस म्हणजे अविचाराचा नमुना वाटायचे. आता लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. मधल्या दिवसांत तिचा डाव्या पायाचा मांडीमागचा स्नायू दुखावला होता, कारण ती उजव्याला जपत होती. म्हणजे जगातली सर्वोत्तम धावपटूसुद्धा नकळत एका पायाचा भार दुसऱ्यावर टाकत होती. तिला ते काही दिवसांत कळलं, कारण ती वेगानं धावत होती. मला कळायला कित्येक महिने लागले. तिच्या गुडघ्यात शिवलेली गादी नव्हती, तेव्हा तिच्या सतरा दिवसांची नक्कल करायला मी कुणालाही सांगणार नाही. पण तीच बाई २०१९ साली, एकसष्टाव्या वर्षी, बोस्टन मॅरेथॉन ३ तास ४ मिनिटांत धावली, हेही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शर्यतीच्या दिवशी धुकं होतं आणि रिपरिप. घाटाआधीच्या बोगद्यापासून पुढं लोक दुतर्फा उभे, ढोल वाजतायत, छत्र्या सांभाळत म्हाताऱ्या टाळ्या वाजवतायत. चढ मी जपून चढले. वळून उताराला लागले तेव्हा माझ्या वयोगटातली, ओळखीची एक बाई मला मागे टाकून गेली. आणि मला तिला गाठायचं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण अशी इच्छा आपल्यात उरलेली नाही असं मी लोकांना कितीतरी दिवस सांगत आले होते. तिच्या पाठीवर नजर ठेवून मी पावलं छोटी केली, जलद केली. ओल्या डांबरावर उजवा पाय पडत होता, धरत होता, सुटत होता. आरशातल्यासारखा कलत नव्हता. ती माझ्या आधी पोचली. फार आधी नाही.

२०२५ च्या जुलैत बीडच्या स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळेची बातमी आली तेव्हा माझं मत बदलून झालं होतं. मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला, गुडघ्याचं लिगामेंट आणि गादी दोन्ही गेली, शस्त्रक्रिया झाली. ग्रुपमध्ये चर्चा एकच, परत येईल का, कधी येईल. आधीची मी म्हणाले असते, त्याची गोष्ट वेगळी, त्याचं करिअर आहे, आपल्याला कुठं धावून पोट भरायचंय? आता मला तो फरक तितका मोठा वाटत नाही. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये पस्तीस अडथळे असतात, त्यांतले सात पाण्याचे, आणि दर वेळी एका पायावर उतरावं लागतं. त्याच्या पायाला जे प्रश्न विचारले जातील तेच, कितीतरी सौम्य स्वरूपात, माझ्या पायाला विचारले गेले होते. दोन्ही पाय सारखे आहेत का, सांधा सुजतो का, उतरताना स्नायू धरतो का. 'कधी येईल' याचं उत्तर कॅलेंडरवर नसतं, असं मी ग्रुपवर लिहिलं.

काही बाबतीत माझं मत तसूभरही बदललेलं नाही. वेदनाशामक गोळी खाऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणाऱ्याला मी आजही अडवते. धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी सांधा फुगला तर पुढचे दिवस धावणं बंद, शर्यत कितीही जवळ असो. फाटलेल्या गादीचा गुडघा लवकर झिजण्याचा धोका असतो, तो माझ्याही गुडघ्याला आहे, आणि स्पर्धेनं तो नाहीसा झालेला नाही. साठीनंतर या उताराची किंमत मोजावी लागली तर ती मी मोजणार आहे, हे मी नवऱ्याला सांगून ठेवलंय. सासूबाईंना नाही सांगितलं.

आमच्या ग्रुपमध्ये एक दादा आहेत. त्यांचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालंय. त्यांनी स्पर्धा कायमची सोडली आणि परत यायचा विचारही नाही. ते मात्र रोज, न चुकता, पायरीचे व्यायाम करतात. कुठली तारीख नाही, नंबर नाही, कुणी बघत नाही. परवा मी त्यांना माझं हे सगळं म्हणणं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मला नाही लागत शर्यत." मी त्यांना म्हटलं, "खरंय, तुम्हाला नाही लागत. मला लागते."