वडाचं देणं

अमरावतीच्या आमच्या गच्चीवर वड, पिंपळ, नांदरूक, चिंच, बोगनवेल आणि एक संत्रा अशी बोन्साय झाडं परळांत, म्हणजे उथळ कुंड्यांत, वाढतात. बघायला येणारे म्हणतात, ‘तुमच्या हाताला गुण आहे.’ त्यांचा भाव चांगला असतो, पण या झाडांना लागलेले हात पुष्कळांचे आहेत. त्यांतली काही माणसं आता राहिली नाहीत. त्यांचं देणं मनात ठेवून किती दिवस काढायचे, म्हणून लिहायला बसले.

पहिला मान माझ्या माहेरच्या, अकोल्याच्या माळीकाकांचा. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात सुरू झालं. विद्यापीठानं शेतकऱ्याला बियाणं दिलं, वाणं दिली, हे सगळे जाणतात. पण तिथल्या रोपवाटिकेत राबलेले हात निवृत्तीनंतर गल्लीबोळांत परतले आणि येताना केवढं शहाणपण घेऊन आले, याची नोंद कुठेच होत नाही. काका त्यांतले. आमच्या मागच्या बोळात राहायचे. मी तेव्हा कॉलेजात होते.

जठारपेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या पन्हाळीखाली, भिंतीच्या भेगेत वड उगवला होता. वडिलांना भिंतीची काळजी आणि आईला वड उपटल्याचं पाप नको. काकांनी आधी दोन दिवस त्या भेगेवर ओलं पोतं लावून ठेवलं. मग छिन्नीनं चुना खरवडत, फुंकर मारत एकेक मूळ मोकळं केलं. विटेच्या एका तुकड्याला मुळांनी असा विळखा घातला होता की तो सुटेना. मी म्हटलं, ओढून काढू या. काका म्हणाले, ‘राहू दे पोरी, त्याचं घर हाय थे. घर मोडून झाड लावू नाई.’ तो तुकडा तसाच परळात बसला. दगडाला मुळांनी कवटाळलेली झाडं जपानी लोक मुद्दाम घडवतात. आमच्या वडाला ते रूप अकोल्याच्या भिंतीनं दिलं. पुढे ते घर पाडलं, तिथे फ्लॅट उभे राहिले. आजोबांनी बांधलेल्या घरातलं आज माझ्याजवळ एवढंच आहे.

काकांची शिकवणी मातीपासून सुरू झाली. वऱ्हाडची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. कपाशी खोल मुळं धाडून ते सोसते, पण चार बोटं खोल परळात तीच माती ओली असली की मुळं कुजवते आणि वाळली की बारीक मुळ्या तोडते. म्हणून भट्टीवरच्या फुटक्या विटा आणून कुटायच्या, दोन चाळण्यांतून चाळायच्या. जाड खडे तळाला, ज्वारीच्या दाण्याएवढे वर, भुकटी फेकून द्यायची. त्यात भरड वाळू, मुरलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. ‘मुया कापल्यानं झाड मरत नाई, पानी साचल्यानं मरते,’ हे त्यांचं वाक्य मी शिकायला येणाऱ्यांना आजही जसंच्या तसं सांगते.

पाण्याचं दुखणं आमच्याकडे निराळंच. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. असलं खारं पाणी कुंडीत गेलं की काठावर पांढरे क्षार धरतात आणि पानांची टोकं करपतात. आई पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये साठवायची, धुण्याभांड्यांसाठी. त्यातलं थोडं ती वडासाठी बाजूला ठेवू लागली. काटेपूर्णा धरण आटल्यावर अकोल्यात नळाची वाट पाहत ज्यांनी दिवस काढले, त्यांना त्या पाण्याचं मोल सांगायला नको. आईनं या छंदाचं कधी कौतुक केलं नाही; पाणी मात्र ठेवलं.

वडाचं पान मोठं, ते लहान झाल्याशिवाय परळातलं झाड झाडासारखं दिसत नाही. वाढ जोरात असताना काका पानं कापायला लावायचे. पातं कापायचं, देठ ठेवायचा. थोड्या दिवसांत देठ गळतो आणि त्याच्या बेचक्यातून आधीपेक्षा लहान पान फुटतं. हे पुढे मला पुस्तकांतही सापडलं. पारंब्यांची युक्ती मात्र मी फक्त काकांकडेच पाहिली. आपल्या कोरड्या हवेत पारंबी फुटली तरी अधांतरीच सुकते. आषाढात हवा ओली झाली की काका पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून आणायचे, त्यात ओली माती आणि शेवाळ ठासायचे, पारंबीचं कोवळं टोक वरून आत सोडायचे आणि देठाचं खालचं तोंड कुंडीत रोवायचे. देठ कुजून गळेपर्यंत पारंबी मातीला टेकलेली असायची. वडाच्या पारंब्या अशाच खाली उतरल्या, आता त्या खोडासारख्या दिसतात. काकांनी याचे पैसे कधी घेतले नाहीत. पोळ्याला आईनं धाडलेलं पुरणपोळीचं ताट तेवढं घेत.

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा वड मूर्तिजापूरवरून एसटीनं आला, कंडक्टरच्या सीटजवळ. सासूबाई जुन्या वळणाच्या, मला धाकधूक होती. पण वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग लागायचे, ते त्यांना आधीपासूनच सहन होत नव्हतं. पहिल्याच ज्येष्ठात त्यांनी वड अंगणात पाटावर मांडला आणि आळीतल्या बायकांना बोलावणं धाडलं. आमच्या आळीत त्यानंतर पूजेसाठी फांदी विकत आणलेली मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सूत हलक्या हातानं उलगडायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे ठेवलं होतं, सालीला काच पडू नये म्हणून.

संत्र्याचं ऋण शेंदूरजनाघाटचं. वरूड तालुक्यातलं हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं. तिथल्या एका कलम बांधणाऱ्या भाऊंनी मला त्यांच्याशेजारी बसवून जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधायला शिकवलं. चाकू कुठे थांबवायचा, ते त्यांनी माझा अंगठा धरून दाखवलं. बहारासाठी बागेला ताण देतात, तो आमच्याकडे घरोघरी माहीत असलेला प्रकार. परळात तो किती थोडका द्यायचा, तेही त्यांनीच सांगितलं. झाड लहान झालं तरी संत्रं लहान होत नाही, म्हणून मी एखादंच फळ ठेवते. फांद्यांना वळण द्यायला तांब्याची तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातून मिळायची. जळालेल्या पंपांतली तार दुकानदार माझ्यासाठी वेगळी ठेवायचे, तीही विस्तवात लाल करून, थंड करून. तशी ती मऊ होते आणि सालीला दुखवत नाही.

आणि आता शेजारच्या वहिनी. त्यांना ही झाडं मनापासून पटत नव्हती. ‘वाढणाऱ्या झाडाला खुजं ठेवू नये, घराला बरं नसतं,’ असं त्या तोंडावर सांगायच्या. त्यांचा राग मला समजायचा. माझं म्हणणं वेगळं आहे: भिंतीतून काढून फेकलेल्या रोपाला इथे रोज हातानं पाणी मिळतं, आणि उपाशी ठेवलेलं झाड कधीच बोन्साय होत नाही. पण आम्ही यावर भांडलो नाही. एका मे महिन्यात यजमानांच्या आजारपणामुळे आम्हांला तडकाफडकी नागपूरला जावं लागलं. नवतपा सुरू होता. पारा पंचेचाळिसापलीकडे गेला की एवढ्याशा मातीतलं पाणी दुपारपर्यंतही टिकत नाही. एक दिवस चुकला तर वर्षांची मेहनत जाते. झाडांचा विचार करायची माझी स्थितीच नव्हती. परत आले तेव्हा सगळी झाडं वहिनींच्या व्हरांड्यात, सावलीत, ओल्या वाळूवर ओळीनं मांडलेली. प्रत्येक परळाभोवती कूलरच्या ताटीतलं गवत ओलं करून गुंडाळलेलं. एकही झाड गेलं नव्हतं. मी बोलायला गेले तर त्यांनी चहा ठेवला आणि यजमानांच्या तब्येतीचं विचारलं. ते गवत त्यांनी स्वतःच्या चालू कूलरची एक ताटी उसवून काढलं होतं, हे मला पुढे त्यांच्या मुलाकडून कळलं.

पुढे एक हकिकत वाचनात आली. जपाननं १९७६ साली अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिले. त्यात हिरोशिमाच्या मासारू यामाकी यांचा एक पांढरा पाइन होता, १६२५ पासून जोपासलेला. २००१ साली यामाकींचे नातू तो पाहायला वॉशिंग्टनला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना कळलं की ६ ऑगस्ट १९४५ ला हे झाड बॉम्बच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर होतं आणि बागेच्या भिंतीआड वाचलं होतं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच ते दिलं, आणि देताना हे सांगितलंही नाही. हे वाचताना मला वहिनींचा व्हरांडा दिसला. काका, आई, सासूबाई, शेंदूरजनाघाटचे भाऊ, वाइंडिंगवाले, कुणीच आपण काही दिलं असं कधी म्हणालं नाही. काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा साधा फोटोही माझ्याजवळ नाही.

मृगाचा पाऊस लागला की छाटणीतल्या फांद्या मी पिशव्यांत लावते. नांदरूक लवकर धरतं, वड जरा वेळ घेतो. अमरावती-अकोल्याकडच्या ज्या कुणाला झाड हवं असेल त्यानं यावं. मातीही चाळून देईन. पैसे नकोत. फक्त मे महिन्यात घराला कुलूप लावताना झाड शेजाऱ्यांच्या हवाली करून जा, आणि ते वाढलं की त्याची एक फांदी पुढे कुणाला तरी द्या.