करवीरक्षेत्रीं आमचा डावा पाय

कृष्णाकांठच्या वाईक्षेत्रांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस पसरणीच्या घाटाचें कौतुक सांगावयास नको. ढोल्या गणपतीचें दर्शन घ्यावें, गाडी घाटास लावावी आणि पांचगणीच्या गार वाऱ्यांत दुपार घालवावी, हा आमचा निवृत्तीनंतरचा आवडता क्रम. परंतु गेल्या मार्गशीर्षांत त्याच घाटांत आमची मानहानि झाली. चढावर पुढील मालमोटार थांबली, म्हणून आम्हींहि थांबलों. मागें एस्. टी. उभी होती. वाट मोकळी होतांच आम्हीं क्लचवरील पाय नेहमीप्रमाणें उचलला. तरी गाडी क्षणभर विचार करीत राहिली, हातभर मागें घसरली आणि मग एकदम हिसका देऊन पुढें उडाली. मागील चालकानें कर्णा वाजविला. शेजारीं बसलेल्या आमच्या कुटुंबानें एक अक्षर उच्चारलें नाहीं, आणि त्या मौनानेंच आम्हीं अधिक ओशाळलों.

रात्रीं पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, आतां गाडी विका. पाय थकला तुमचा." ज्या पायांवर उभें राहून ३४ वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्यांचा निकाल असा एका वाक्यांत लागला! गाडी विकण्याचें आम्हीं कबूल केलें. मात्र तत्पूर्वी एकदां अंबाबाईचें दर्शन त्याच गाडीनें घेऊं, एवढी सवलत मागून घेतली.

जानेवारीच्या अखेरीस पहांटे निघालों. वाईहून सातारा सुमारें ३५ किलोमीटर आणि तेथून कोल्हापूर सुमारें १२०. कऱ्हाडास प्रीतिसंगमावर घटकाभर विसावलों. इतर नद्या एकमेकींस कडेनें येऊन मिळतात. येथें कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन पूर्वेस वळतात. करवीरांत पोंचलों तों किरणोत्सवाचे दिवस समीप आले होते. जानेवारीच्या शेवटीं व फेब्रुवारीच्या आरंभीं, आणि तसेच नोव्हेंबरांत, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वाराच्या बाजूनें थेट गाभाऱ्यांत शिरतात. वाटेंत कांहीं आडवें आलें कीं ते देवीपर्यंत पोंचत नाहींत, असें एका पुजाऱ्यांनीं सांगितलें. तें वाक्य आम्हांस दुसरे दिवशीं भलत्याच ठिकाणीं आठवलें.

तें ठिकाण म्हणजे शिवाजी उद्यमनगर. "मामा, विकायच्या आधीं एकदां मिस्त्रींना दाखवूं या," असें म्हणून आमचा भाचा तेथें घेऊन गेला. यात्रेकरूंनीं देऊळ व रंकाळा पाहून परत फिरूं नये. ही पेठहि पाहावी. दुतर्फा लेथ फिरत असतात, तापल्या लोखंडाचा वास दरवळतो, आणि ज्याच्या त्याच्या हातांत यंत्राचा एखादा सुटा भाग असतो. मिस्त्रींनीं गाडी एक फेरी मारून आणली आणि म्हणाले, "गुरुजी, पाय तुमचा बरा हाय. तेलाची वाट अरुंद हाय."

मग त्यांनीं पत्र्याच्या डब्यावर ग्रीसच्या बोटानें आकृति काढून समजाविलें. पेडल दाबलें कीं वरच्या सिलिंडरांतील पिस्टन तेल ढकलतो. तें नळींतून गिअरपेटीजवळच्या दुसऱ्या सिलिंडरांत जातें, आणि तेथील पिस्टन क्लच सोडवितो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखा पोंचतो, हा फ्रेंच पंडित पास्कल याचा सिद्धांत. त्याचा हा ग्रंथ त्याच्या निधनानंतर १६६३ सालीं छापला गेला. वरचा पिस्टन १६ मिलिमीटरचा व खालचा २० चा धरला, तर जोर दीडपटीहून थोडा अधिक होतो आणि चाल तितक्याच प्रमाणांत घटते. कांहीं हौशी लोक वरचा पिस्टन मोठा बसवितात. त्यानें पायाची चाल आखूड होते, पण पेडल जड होतें. आमच्या गुडघ्यास तें नको, असें मिस्त्रींचें मत पडलें.

खरी मेख नळींत होती. तेथें बारीक छिद्राची एक झडप कारखान्यांतूनच बसविलेली होती. पाय कितीहि धसमुसळेपणानें सुटला, तरी तेल हळूहळू परतावें व यंत्रास धक्का बसूं नये, हा तिचा हेतु. हेतु चांगला, परंतु जो जपून पाय उचलतो, त्याच्याहि पायास तीच बेडी! हें ऐकतांना आम्हांस आमचीच शाळा आठवली. दोन वांड मुलांनीं पुस्तकें फाडलीं, म्हणून आम्हीं वर्गाच्या कपाटास कुलूप घातलें, आणि उरलेलीं सारीं मुलें वर्षभर वाचनास मुकलीं. तेव्हां तें आम्हांस शिस्तीचें वाटलें होतें.

मिस्त्रींनीं झडप काढून तेथें साधा सांधा बसविला. जुनी रबरी नळी दाबाखालीं फुगत असे. तिच्या जागीं पोलादी तारेनें विणलेली नळी घातली. तेल काळें पडलें होतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें: डॉट ४ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश असावा लागतो, ओलावा शिरलेल्याचा १५५ पर्यंत उतरला तरी चालतो, इतका फरक. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें. तेल दाबलें जात नाहीं, पण हवेचा बुडबुडा दाबला जातो. यास्तव शेवटीं हवा काढावी लागते. पेडलवर आम्हांसच बसविलें. "दाबा... धरा... आतां सोडा," अशी मिस्त्रींची खालून आज्ञा. पूरक, कुंभक, रेचक! संध्येंतील प्राणायाम लोखंडास करवावा लागेल, असें कधीं मनांत आलें नव्हतें.

निरोप देतांना मिस्त्री म्हणाले, "आतां गाडी तुमचा पाय ऐकंल, गुरुजी. पायाची चूक झाली, तर तीबी ऐकंल." वाचकांस आमची एक सूचना: कित्येक गाड्यांत क्लच व ब्रेक यांचें तेल एकाच भांड्यांतून येतें, तेव्हां अर्ध्या ज्ञानावर हा उद्योग घरीं करूं नये. गाडी हमीच्या मुदतींत असल्यास आधीं विचारून घ्यावें.

परत आल्यावर पसरणीच्या त्याच चढावर मुद्दाम थांबलों. प्रथम इंजिन बंद पडलें. चूक सर्वस्वी आमची; पांघरूण घालणारी झडप आतां नव्हती. दुसऱ्या वेळीं पाय सावकाश उचलला, क्लच नेमका कोठें धरतो तें तळव्यास कळलें, आणि गाडी न घसरतां चढूं लागली. कुटुंब म्हणालें, "आतां बरी ऐकते."

चिरंजीवांस सारें कळविलें. इंजिन बंद पडल्याचेंहि लपविलें नाहीं. गाडी विकली नाहीं. मात्र दिवेलागणीनंतर ती चालवावयाची नाहीं, असा नियम आम्हींच आम्हांस घालून घेतला आहे. पाय कांहीं प्रमाणांत थकला आहे, हें खरेंच. पण किती, तें आतां आमचें आम्हांस कळतें.