एकच लाल फूल

यंदा १६ डिसेंबरला, विजय दिवशी, फोटोग्राफी क्लबचा कॅमेरा माझ्याकडे होता. शाळेच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिले गेले, बिगुल वाजला, दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहिलो. परेड विसर्जित झाल्यावर एक आजी हळूहळू पायऱ्या चढून आल्या. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेचा विद्यार्थी होता. स्मारकावरच्या नावांत त्याचेही नाव आहे. त्यांनी पुष्पचक्राच्या हिरव्या पानांवर एक लाल गुलाब ठेवला आणि काही न बोलता त्या परत फिरल्या. मी त्या गुलाबाचा एकच फोटो काढला.

प्रदर्शनासाठी फोटो कृष्णधवल करायचे होते. रात्री प्रेपनंतर संगणकावर रंग काढून टाकले आणि पाहतो तर गुलाब गायब! लाल फूल आणि हिरवी पाने डोळ्यांना किती वेगळी दिसतात. पण राखाडीत दोन्ही सारखीच गडद झाली होती. क्लबच्या सरांनी कारण सांगितले. नेहमीच्या पद्धतीत संगणक उजळपणा मोजताना हिरव्या रंगाला सुमारे ५९ टक्के, लाल रंगाला ३० आणि निळ्याला ११ टक्के महत्त्व देतो. म्हणून गडद लाल फूल काळवंडते. लाल रंगाचा वाटा वाढवल्यावर गुलाब दिसू लागला खरा, पण पांढरट. आजींनी ठेवलेला तो हा नव्हता.

मग सरांनी निवडक रंगाची युक्ती दाखवली. खाली मूळ रंगीत फोटो, त्यावर कृष्णधवल थर आणि त्या थराला मास्क. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढ्या जागेतून खालचा रंग दिसतो; चुकले तर पांढरा ब्रश फिरवून पुन्हा झाकायचे. मूळ फोटोला धक्का लागत नाही.

पहिल्या प्रयत्नात मी गुलाब, झेंडू, तिरंगी फीत, सगळेच रंगीत ठेवले. सर हसले. "हे कॅलेंडर झाले. बघणाऱ्याने नेमके कुठे बघायचे?"

मग फक्त गुलाब ठेवला. फोटो मोठा करून, मऊ कडेच्या बारीक ब्रशने एकेक पाकळी सोडवायला दोन रात्री लागल्या. एका पाकळीची कड सुकून तपकिरी झाली होती. तीही मी लाल केली आणि वर रंग भडक केला. सर बराच वेळ पाहत राहिले.

"फूल असेच होते का?"

"नाही, सर."

ते पुढे काही बोलले नाहीत. त्या रात्री मला झोप येईना. आजी तो गुलाब किती लांबून जपत आणल्या असतील! सुकलेली कड पुसून टाकणारा मी कोण? सकाळी पीटी संपताच क्लबमध्ये गेलो, तपकिरी कड परत आणली आणि भडकपणा उतरवला.

प्रदर्शनात फोटोखाली मी लिहिले, 'मूळ फोटो रंगीत. रंग फक्त फुलापुरता ठेवला आहे.' एक प्रत शाळेने आजींना पाठवली. आठवड्याभराने त्यांचा सरांना फोन आला. त्या एवढेच म्हणाल्या, "हो, हाच तो. आमच्या अंगणातला. वाटेत जरा सुकला होता."