माशी नव्हे, मासोळी

हौसेखातर गळ टाकणाऱ्या मनुष्याविषयी आमच्या समाजात फारसा आदर आढळत नाही. आणि हा गृहस्थ धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतो असे कळले, म्हणजे उरलासुरला आदरही नाहीसा होतो. मंद्रूपास आप्तांच्या घरी आमची हीच गत आहे. तेथील वडील मंडळी शाकाहारी. ‘खायचा नाही, तर धरायचा कशाला?’ या त्यांच्या प्रश्नास आम्ही कित्येक वर्षे ‘ही एक कला आहे’ एवढेच उत्तर देत आलो.

कला आहे हे मात्र खोटे नव्हे. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला किडा किंवा कणीक न लावता पिसे व केस बांधून कीटकाचा आभास उत्पन्न करतात. गळ पिसासारखा हलका, म्हणून फेकावयाची ती जाड, वजनदार दोरी. गळ केवळ तिच्यामागून जातो. याच विद्येचा स्ट्रीमर म्हणून एक प्रकार आहे. त्यात माशीऐवजी मासोळीची नक्कल असते, आणि मोठ्या माशांना गाठावयाचे तर हीच उपयोगी. अमेरिकेतील मेन प्रांतात कॅरी स्टीव्हन्स नावाची एक गृहिणी होती. 1 जुलै 1924 रोजी तिने हातातले घरकाम तसेच टाकून स्मेल्ट नामक लहान माशाच्या नमुन्यावर एक स्ट्रीमर बांधला, आणि त्याच दिवशी त्यावर 6 पौंड 13 औंसांचा ट्राउट धरला. घरकामाचे पुढे काय झाले, याची नोंद आमच्या वाचनात नाही.

आमच्या भीमेत स्मेल्ट कोठून असणार? पण अलकूट आहे. रुपेरी, चपटी, बोटाएवढी मासोळी. कर्नल साइक्स याने 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा मराठी नावेच लॅटिन वेषात शास्त्रात नेऊन बसविली. खुद्रीप्रमाणे अलकूटही त्यात आहे. हिची नक्कल करण्यात आमचे दोन हिवाळे गेले. पोटाला बकरीचे पांढरे केस, पाठीला शेतात गळून पडलेल्या मोरपिसाचे तंतू, डोक्याशी काळ्या रंगाचा ठिपका, तोच डोळा. हातात धरली तर ती मासोळी मुळीच वाटत नाही. पोरे तिला झुरळ म्हणत. तिचे रूप पाण्यात भिजल्यावर, आणि खरे तर हालचालीत. दोरी वीतभर ओढावी, थांबावे, पुन्हा ओढावी. थांबलेल्या क्षणी ती जराशी कलंडते, जखमी मासोळी कलंडते तशी. बहुधा झडप पडते ती तेव्हाच.

जूनची अखेर होती. पहिले दोन पाऊस होऊन गेले होते. औजच्या बाजूस नदीकाठच्या एका संथ, गवताळ डोहात पाणी एकाच जागी उकळल्यासारखे बुडबुडताना दिसले. लहान मासे जिवाच्या भीतीने वर येत आहेत, तेव्हा खाली मोठा मासा असलाच पाहिजे, असा आम्ही तर्क केला व त्या तर्कावर मनोमन खूष झालो. अलकूट त्या बुडबुड्यांच्या मधोमध पडली. दोनदा ओढली. तिसऱ्यांदा ओढावी लागली नाही.

हातभर लांबीची मरळ होती. आम्ही तिला काठावर आणले, ओल्या गवतावर ठेवून न्याहाळले, छायाचित्रही घेतले. यात चार-पाच मिनिटे गेली. जाळे सावरीत बसलेले एक वृद्ध भोई मघापासून आमच्याकडे पाहत होते.

“बरी फसली, मामा!” आम्ही म्हणालो.

“ती भुकेनं न्हाई आली ओ, सर,” ते म्हणाले. “पोरांसाठी आली. बघा की तिकडं.”

आम्ही पाहिले. मघाचे बुडबुडे म्हणजे तिचीच पिल्ले होती. शेंदूर सांडावा तसा तांबूस थवा. मरळीस हवेतला श्वास लागतो, म्हणून पिल्लेही घोळक्याने वर येतात, आणि आईबाप त्यांच्याभोवती पहारा करतात. आमची मासोळी इतकी हुबेहूब साधली होती की, तिला ती पिल्लांवर चालून आलेली शत्रू वाटली. आम्ही जिला भूक समजलो, तो पहारा होता. थवा आता एकवट नव्हता; कडेने पाण्यात दोन-तीन वेळा दुसरेच काहीतरी चमकून गेले.

मरळ सोडली. ती क्षणभर उथळ पाण्यात स्थिर राहिली, मग गवताखाली दिसेनाशी झाली. ती थव्याकडे गेली की खोल पाण्यात, हे आम्ही वाकून पाहत राहिलो. मामांनी जाळ्यावरून मान वर केली नाही.

त्या रात्री जेवताना घरच्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आम्ही ताक मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पुन्हा डोहावर गेलो. गळ घरीच ठेवला होता. पुष्कळ वेळाने गवताच्या पलीकडे तांबूस थवा वर आला. कालच्याहून लहान की तेवढाच, हे सांगता येण्याजोगे नव्हते. मामा जाळे घेऊन आले. काही न बोलता ते आम्हांस ओलांडून खालच्या अंगास गेले आणि त्यांनी जाळे तेथे टाकले.