ब्रश कधी मारायचा

बॉयलर जितका जास्त झाडावा तितका चांगला, असं मी बरीच वर्षं मानत आलो. तळेगावच्या एका कारखान्यात कोळशावरचा बॉयलर माझ्याकडे होता. दर रविवारी तो बंद करायचा, दारं उघडायची, ट्यूबांमधून ब्रश फिरवायचा, राख काढायची. कोळसा कुठला, पाऊस की ऊन, काही बघायचं नाही. आज मला ते पटत नाही.

मत बदललं ते चिमणीवरच्या थर्मामीटरमुळे. लोणावळ्याच्या अंगाने पाऊस लागला की कोळसा भिजून यायचा, त्यात चुरा फार. एका जुलैत वाफेचा लोड तोच असताना धुराचं तापमान बुधवारीच २०० अंशांवरून २४० वर गेलं. ट्यूबांवर राखेचा थर बसला की उष्णता पाण्यात उतरत नाही, चिमणीतून निघून जाते. तापमान साधारण २२ अंशांनी चढलं की कार्यक्षमता एक टक्क्याने घटते. रविवारची वाट बघण्यात किती कोळसा वाया जात होता, ते तेव्हा कळलं. उलट उन्हाळ्यात चांगल्या, कोरड्या कोळशावर रविवार उलटला तरी काटा हलत नसे. अशा वेळी बॉयलर उगाच थंड करून पुन्हा तापवला की ट्यूबांच्या तोंडाशी जोडांवर ताण येतो आणि पुढे तिथूनच गळती लागते.

एकट्या तापमानावर मात्र विसंबू नये. हवा जास्त सोडली तरी ते चढतं. म्हणून ट्यूबांच्या आधीचा आणि नंतरचा ड्राफ्ट, म्हणजे धुराची ओढ, हेही बघायचं. लोड तोच असून दोहोंतला फरक वाढत चालला, तर राखेने वाट अरुंद होतेय.

चंद्रपूरसारख्या मोठ्या वीजकेंद्रांत चालू बॉयलरमध्येच सूट ब्लोअर वाफेचा झोत मारतात. आपल्या कोळशात राख ३० ते ४० टक्के, तेव्हा झोत घड्याळावर लावून द्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण स्वच्छ नळीवर मारलेला झोत नळीच खातो. आणि राख साचू दिली तर? १ नोव्हेंबर २०१७ ला ऊंचाहारच्या वीजकेंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या संचात भट्टीत राख साचली, स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसं गेली. राख ही फक्त कोळशाच्या बिलाची बाब आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यामुळे.

हल्ली मावळातल्या एखाद्या कारखान्याने बोलावलं की मी आधी लॉगबुक मागतो. तासातासाला लोड, धुराचं तापमान आणि ड्राफ्ट लिहिलेला असेल, तर ब्रश कधी मारायचा हे तिथल्या फायरमनला माझ्याआधीच कळलेलं असतं.