गुरुजींची टाचणवही



शाळेत मुले शिकतात आणि गुरुजी शिकवतात, असे सगळ्यांना वाटते. पण आमचे गुरुजी म्हणतात, "मीपण रोज शिकतो. तुम्ही पाटीवर लिहिता, मी टाचणवहीत लिहितो." म्हणून मी आज टाचणवहीविषयी लिहिणार आहे.

टाचणवही म्हणजे काय? उद्या कोणता धडा घ्यायचा, कोणती गणिते घ्यायची, त्याला साहित्य काय लागेल, हे सगळे गुरुजी आदल्या दिवशी एका वहीत लिहून आणतात. मुख्याध्यापक ती बघून सही करतात. केंद्रप्रमुख साहेब आले की तेही बघतात. अशी वही सगळ्याच गुरुजींना आणि बाईंना असते. पण आमच्या गुरुजींच्या वहीत एक गोष्ट जास्त आहे. त्यांनी प्रत्येक पानावर पट्टीने उभी रेघ मारली आहे. रेघेच्या अलीकडे काय शिकवायचे ते असते. पलीकडची जागा सकाळी कोरी असते. शाळा सुटल्यावर तिथे ते लिहितात. काय समजले, काय समजले नाही आणि का समजले नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. कवायत झाली की गुरुजी लिंबाखाली बसतात आणि रेघेपलीकडचे आम्हाला वाचून दाखवतात. नाव कुणाचेच घेत नाहीत. मग विचारतात, "या आठवड्यात माझं काय चुकलं, सांगा बघू." पहिल्यांदा कुणीच बोलत नव्हते. गुरुजींचे चुकले असे कसे म्हणायचे? पण आता आम्ही सांगतो. तुम्ही फळ्यापुढेच उभे राहता म्हणून कडेच्या मुलांना दिसत नाही, हे आम्हीच सांगितले. आता ते बाजूला उभे राहून लिहितात.

त्यांच्या वहीत एकदा असे लिहिले होते की, "समजलं का?" असे विचारणे बंद. कारण "समजलं का?" म्हटले की सगळा वर्ग "होऽऽ" म्हणतो. ज्याला समजले तोही म्हणतो आणि ज्याला नाही समजले तोही म्हणतो. मग गुरुजींना कळणार कसे? तेव्हापासून ते तसे विचारत नाहीत. एक उदाहरण घालतात, सगळ्यांनी पाटीवर करायचे आणि गुरुजींनी टाळी वाजवली की पाटी छातीला लावून उभी धरायची. सगळ्या पाट्या एकदम दिसतात. कुणी कुणाचे बघू शकत नाही. चुकले तर गुरुजी रागावत नाहीत. "कसं केलंस ते सांग" एवढेच म्हणतात. सांगता सांगता पुष्कळदा आपलेच आपल्याला सापडते.

माझे आजोबा म्हणतात, आमच्या वेळी मास्तर हातावर छडी द्यायचे, मग पाढे पाठ व्हायचे. मी गुरुजींना हे सांगितले. ते म्हणाले, "आता 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी मारलं नसतं. भ्यालेलं मूल उत्तर लपवतं. मला तर ते बघायचं असतं." आजोबांना हे पटले की नाही काय की, ते नुसते हसले.

आता मी खरी गोष्ट सांगतो. आमच्या गुरुजींकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग मिळून आहेत. गेल्या वर्षी आम्ही तिसरीत होतो. आमच्या वर्गातली एक मुलगी तांड्यावरून येते. दिवाळी झाली की तिचे आई-बाबा कोयत्याला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून जावेच लागते. कारखाने दूर असतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातात, कोणी कर्नाटकात. तीपण गेली होती. तिथे कोपीवर लहान भावाला सांभाळायची. पाडव्याच्या सुमारास परत आली तेव्हा आमचे पुस्तक पुष्कळ पुढे गेले होते.

गुरुजींनी तिला दुपारी बाईंच्या वर्गात, पहिलीच्या मुलांत बसवले. मागचे सगळे पक्के व्हावे म्हणून. ती दोन दिवस बसली आणि मग शाळेतच आली नाही. गुरुजी सायकलवर तांड्यावर गेले. शनिवारी त्यांनी वहीतून वाचले, "मी तिला काय येत नाही ते पाहिले. काय येते ते विचारले नाही. बसवायची जागा चुकली."

सोमवारी ती आली आणि आपल्याच बाकावर बसली. त्या दिवशी हातच्याची वजाबाकी चालू होती. 52 वजा 27. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारून एक घ्यायचा, असे आम्ही म्हणत होतो. पण शेजारून घेतलेला एक, दहा कसा काय होतो? हे कुणालाच सांगता येत नव्हते. गुरुजींनी तुराट्या मोडून आणल्या होत्या. दहा-दहा तुराट्यांना सुतळी बांधली. असे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. म्हणाले, "यातल्या सत्तावीस मला द्या."

आम्ही दोन गठ्ठे दिले. राहिल्या सात. सुट्ट्या तर दोनच होत्या. सगळे गप्प. तेव्हा ती म्हणाली, "मोळी सोडल्याबिगर सुटा ऊस कसा निघंल, गुरुजी?" तिने उठून एक गठ्ठा सोडला. दहा तुराट्या झाल्या आणि आधीच्या दोन, म्हणजे बारा. त्यातल्या सात दिल्या. राहिले दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या. पंचवीस!

उसाची खरी मोळी काही दहाचीच नसते. पण मोळी बांधायची कशी आणि सोडायची कशी हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दशकाला कुणी दशक म्हणत नाही, मोळी म्हणतात. गुरुजींनी वहीत लिहिले, "हातचा आज तिने शिकवला." आणि त्याखाली रेघ ओढली. मग तिचे राहिलेले वाचन आम्ही जोडीजोडीने घेतले. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की मी तिच्यासोबत रोज एक पान वाचत होतो.

तिच्याकडून गुरुजीपण शब्द शिकतात. तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात. आईला याडी म्हणतात आणि भाकरीला बाटी. पहिलीत आलेले तांड्यावरचे लेकरू मराठी ऐकून गप्प बसते, ते काही बुद्दू नसते. त्याची भाषा वेगळी असते. बाईंच्या वर्गात आता एक तक्ता लावला आहे. त्यावर चित्र आहे, खाली मराठी शब्द आणि त्याखाली गोरमाटी शब्द. तो तिनेच सांगितला आणि आम्ही रंगवला.

गुरुजी म्हणतात, असा विचार करणारा मी काही पहिला नाही. त्यांनी आम्हाला कोसबाडची माहिती सांगितली. कोसबाड पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. तिथली मुले गुरे राखायला जायची, म्हणून शाळेत येत नव्हती. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत होती आणि मुले शिकत होती. मुले का येत नाहीत, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग शाळा बदलली.

आपल्या जिल्ह्यातसुद्धा असे शिक्षक होऊन गेले. 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणात उर्दूला मान होता. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना ते अवघड जायचे. तेव्हा लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावी राष्ट्रीय शाळा होती. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत शिकवत होते. त्यांचे आधीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. नंतर त्यांनी संन्यास घेतला. पुढे ते हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले आणि 1948 साली आपण स्वतंत्र झालो. एवढा मोठा नेता आधी आपल्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुलांना शिकवत होता, हे ऐकून मला फार अभिमान वाटला.

आता दिवाळी जवळ आली आहे. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. तिचे आई-बाबापण जाणार आहेत. ती जाणार की राहणार, हे अजून ठरलेले नाही. आजी म्हणते, "लेकराला ठिवून जावा, मी बघते." आई म्हणते, "तिथं धाकट्याला कोण सांभाळील?" दोघींचेही खरे आहे. गुरुजी दोनदा तांड्यावर जाऊन आले. आई-बाप कारखान्याला गेले की मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी मुलांची यादी द्यावी लागते. त्या यादीत गुरुजींनी तिचे नाव घातले आहे.

पालकांनो, मी लहान आहे, तरी एक विनंती करतो. जमत असेल तर मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून जा. आम्ही त्यांना अभ्यासाला सोबत करू. आणि नाहीच जमले, तर जायच्या आधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. ते दाखवून तिथल्या जवळच्या शाळेत बसता येते. पाटी आणि पुस्तकपण सोबत न्या. पाच महिन्यांत माणूस पुष्कळ विसरतो.

चौथीत आम्हाला मोठे भागाकार आहेत. गुरुजींनी दिवाळीनंतरच्या पानावर रेघेच्या अलीकडे लिहून ठेवले आहे, "भागाकार. साहित्य : तुराट्यांच्या मोळ्या. मोळ्या सोडून दाखवणार : ती." पलीकडची जागा अजून कोरी आहे.