शेत विकून गेलेला माणूस

ग्रॅम पार्सन्स वारला तेव्हा २६ वर्षांचा होता. मी २८चा आहे आणि माझ्या नावावर एक मोटरसायकल आणि एक गिटहब अकाउंट आहे.

त्याचा पहिला सोलो अल्बम ‘जीपी’ जानेवारी १९७३चा. तो मला पुण्यात, रात्रीच्या सपोर्ट शिफ्टमध्ये सापडला. कंट्री म्हणजे त्यांच्याकडची गावाकडची गाणी: फिडल, स्टील गिटार, दारू, देव, सोडून गेलेली बायको. लांब केसांच्या रॉकवाल्या पोरांना ती मागास वाटायची. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर भजन लावलं तर जे होईल तेच. (मी कधी लावलं नाही. अप्पा गावच्या भजनी मंडळात गातात, नर्सी नामदेव आमच्याच जिल्ह्यात, तरी चार वर्षं मी मेटल आवडतं असं सांगत फिरलो.)

पार्सन्स काही गरीब शेतकऱ्याचा पोरगा नव्हता. आईकडचे लोक फ्लोरिडातले संत्र्यांच्या बागांचे बडे मालक. हार्वर्डला गेला, टिकला नाही. ‘द बर्ड्स’सोबत १९६८मध्ये ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ केला आणि तोही बँड लगेच सोडला. ‘जीपी’साठी त्याने जेम्स बर्टनसकट एल्विस प्रेस्लीचे वादकच आणले. जोडीला एमिलू हॅरिस, तेव्हा तिला फारसं कोणी ओळखत नव्हतं. आवाज तिचा चांगला, याचा नाही. वरच्या सुरात हा डगमगतो आणि ती त्याला धरून ठेवते. मला अल्बम आवडतो तो त्यासाठीच. तो खपला नाही. त्याच सप्टेंबरात जोशुआ ट्रीच्या एका मोटेलात मॉर्फिन आणि दारूने पार्सन्स गेला.

त्यात एक गाणं आहे, ‘स्ट्रीट्स ऑफ बाल्टिमोर’. त्याचं स्वतःचं नाही, बॉबी बेअरने आधीच गाजवलेलं. बायकोला शहर हवं म्हणून एक माणूस शेत विकतो, शहरात जाऊन कारखान्यात राबतो. तिला तिथले दिवे आवडतात. शेवटी तो एकटाच परत निघतो.

यंदा फेब्रुवारीत हळद शिजवायला घरी आलो, वसमत तालुक्यात. त्याच आठवड्यात अप्पा म्हणाले होते, “रस्त्याकडचं दीड एकर काढू. वाकडच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट होईल.” मी नाही म्हणालो नव्हतो. हो म्हणायलाही तोंड उघडलं नव्हतं. पोरीकडच्यांनी फ्लॅटचं विचारलंय, हे दोघांनाही माहीत होतं.

रात्री कुकरला वाफ धरेपर्यंत काम नसतं. कच्च्या हळदीचा मातकट वास, धूर, आणि माझ्या फोनवर हे गाणं.

“काय ऐकायलास? रडायलंय का ते?”

स्टील गिटार होती ती. तारेवर लोखंडी दांडी सरकवतात, म्हणून सूर मींडेसारखा ओढला जातो. अप्पांनी मान हलवली, मग गाण्याचा अर्थ विचारला. मी सांगितला.

ते जाळात एक लाकूड सारत म्हणाले, “शेत तर इकलं त्यानं. मग माघारी आला कुठं?”

मी गाणं पुन्हा लावलं. तो निघतो, गाडीत बसतो, एवढंच आहे.

“बघ बरं शेवटपर्यंत,” अप्पा म्हणाले आणि कुकरचं झाकण बघायला उठले.